हेडमास्तर रामानंद तीर्थ

मराठवाड्यात दर वर्षी १७ सप्टेंबरला शाळाशाळांतून ध्वजारोहण होते. फळ्यावर रंगीत खडूंनी ‘मुक्तिसंग्राम दिन’ लिहिले जाते, भगव्या कफनीतल्या संन्याशाच्या फोटोला हार पडतो आणि चार-सहा मुले पाठ केलेली भाषणे करतात. त्या भाषणांत निजाम येतो, रझाकार येतात, पोलीस ॲक्शन येते, सरदार पटेल येतात. फोटोतला माणूस आधी एका खेड्यातल्या आणि मग एका तालुक्याच्या गावातल्या शाळेचा हेडमास्तर होता, हे मात्र क्वचितच एखादे मूल सांगते. भाषण लिहून देणाऱ्या गुरुजींनाही ते फारसे महत्त्वाचे वाटलेले नसते.

स्वामी रामानंद तीर्थ १९२९ साली हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले आणि १९३८ साली अंबाजोगाईची शाळा सोडून हैदराबादला गेले. मधली नऊ वर्षे ते शाळेत होते. हैदराबादच्या लढ्यावरच्या पुस्तकांत ही वर्षे पूर्वपीठिका म्हणून येतात आणि दोन-चार पानांत संपतात. प्रस्तुत पुस्तक त्या पानांपाशी थांबते. नेत्याच्या चरित्रातले एक प्रकरण म्हणून न पाहता, हेडमास्तरकी हेच ज्याचे पहिले मोठे काम होते अशा माणसाचे आयुष्य म्हणून ही वर्षे पाहायची, असा त्याचा प्रयत्न आहे. माझ्या मते असा प्रयत्न बऱ्याच आधी व्हायला हवा होता. एका संन्याशाने निजामाच्या राज्यात एवढी माणसे कशी उभी केली, या प्रश्नाचे निम्मे उत्तर शाळेत आहे.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकासाठी आधी थोडे मागे जायला हवे. मराठी मुलखात हेडमास्तर ही संस्था एका वाटेने आलेली नाही. निदान चार वाटा दिसतात आणि स्वामीजी त्यांतल्या एकीवरून चालत आले.

पहिली वाट सरकारी हायस्कुलाची. १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर शिक्षणखाते उभे राहिले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले, मॅट्रिकची परीक्षा आली आणि जिल्ह्याच्या गावातले हायस्कूल हे त्या जिल्ह्याचे ज्ञानपीठ बनले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांपैकी दोघे हेडमास्तर झाले हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. भांडारकर सिंधमधल्या हैदराबादला आणि नंतर रत्नागिरीला हेडमास्तर होते, मोडक एल्फिन्स्टन हायस्कुलात. पिढ्यान् पिढ्या ज्या पुस्तकावरून मराठी मुले संस्कृत शिकली ती ‘मार्गोपदेशिका’ भांडारकरांनी याच शाळेच्या दिवसांत लिहिली. या परंपरेने विद्वत्ता आणि शिस्त दिली. हेडमास्तर सरकारी नोकर असल्याने त्याला बदली होती, पेन्शन होते आणि बोलण्यावर मर्यादाही होत्या.

याच्याही आधी, १८४८ मध्ये, पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती. सावित्रीबाईंना मुख्याध्यापिका म्हणताना आपण हे पद आजच्या अर्थाने वापरतो, पण त्या पदाबरोबर येणारी कोणतीही सुरक्षितता त्यांना नव्हती. रस्त्यात शेण-चिखल झेलत शाळेला जाणाऱ्या या बाईंचा वारसा हेडमास्तरांच्या इतिहासात फार उशिरा मोजला गेला. तो उशीर का झाला, हा प्रश्न पुढे स्वामीजींच्या शाळांनाही विचारावा लागतो.

दुसरी वाट खासगी इंग्रजी शाळांची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये टिळकांना बरोबर घेऊन पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. लवकरच वामन शिवराम आपटे आणि आगरकर येऊन मिळाले. शाळेच्या कारभाराची घडी आपट्यांनी बसवली. संस्कृत-इंग्रजी कोशामुळे आज त्यांचे नाव घेतले जाते, पण त्यांचे समकालीन त्यांना आधी शाळा चालवणारा माणूस म्हणून ओळखत. १८८२ च्या हंटर आयोगापुढे या शाळेचे नाव झाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. कमी पगारावर आयुष्य संस्थेला वाहणारा ‘आजीव सदस्य’ या वाटेने महाराष्ट्राला दिला. शाळा लोकांच्या पैशावर आणि शिक्षकांच्या त्यागावर चालू शकते हे तिने दाखवले. मात्र परीक्षा आणि अभ्यासक्रम सरकारचेच राहिले.

तिसरी वाट राष्ट्रीय शाळांची. वंगभंगानंतर विष्णु गोविंद विजापूरकरांनी समर्थ विद्यालय उभे केले. ते तळेगावला बहरले आणि १९१० साली सरकारने बंद पाडले. दहा वर्षांनी गांधीजींच्या असहकाराने ही कल्पना पुन्हा गावोगाव नेली. सरकारी मान्यता नको, अनुदान नको, मातृभाषेतून शिक्षण, अंगमेहनत, सूतकताई आणि गुरू-शिष्यांचे एकत्र राहणे ही तिची लक्षणे. १९२१ साली पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले ते अशा शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी. या शाळांचे आयुष्य बहुधा थोडे असे. वर्गणी आटली, उत्साह ओसरला किंवा सरकारची वक्रदृष्टी झाली की त्या मिटत. पण जितके दिवस त्या चालत तितके दिवस हेडमास्तर हाच शाळेचा अभ्यासक्रम असे. तो कसा राहतो, काय खातो, कोणाशी कसे बोलतो, हेच मुले शिकत.

चौथी वाट वसतिगृहांतून आली. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ऑक्टोबर १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी हेच काम शिवाजी शिक्षण संस्थेमार्फत केले. या परंपरेत आधी मुलाच्या जेवणाची आणि राहण्याची सोय होते, मग शाळेची. इथला हेडमास्तर वर्गात उभा राहण्याआधी धान्य गोळा करायला बैलगाडीबरोबर हिंडलेला असतो. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्या हिंडण्यातूनच निघाली.

या चारही वाटा बहुतांशी ब्रिटिश मुलखातल्या किंवा कोल्हापूरसारख्या पुरोगामी संस्थानातल्या. निजामाच्या राज्यातला मराठवाडा वेगळा होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, आणि म्हणून वरच्या वर्गांचे शिक्षणही उर्दूकडे झुकलेले. मराठी मुलाला आपल्या भाषेत शिकायचे तर थोड्याच जागा होत्या : गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, हैदराबादचे विवेकवर्धिनी, औरंगाबादचे सरस्वती भुवन अशा काही संस्था. खासगी शाळा काढायची तर परवानगी, सभा घ्यायची तर परवानगी. सभाबंदीचा ‘गश्ती निशान ५३’ हा हुकूम जुन्या पिढीच्या तोंडी शिवीसारखा राहिला आहे. जिथे राजकीय पक्ष निघू शकत नाही, वर्तमानपत्र मोकळेपणाने चालू शकत नाही, तिथे वाचनालय, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि शाळा यांच्यावर समाजाचा सगळा भार येतो. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली ती या परिस्थितीत. आजच्या धाराशिव जिल्ह्यातले हे आडगाव. तिथे ही शाळा टिकली हेच मोठे होते.

तिथे आलेला हेडमास्तर पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. व्यंकटेश भवानराव खेडगीकर, जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातली सिंदगी. असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्याने सरकारी शाळा सोडली होती. पुढचे शिक्षण अमळनेरच्या राष्ट्रीय वातावरणात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झाले होते. म्हणजे तो स्वतःच त्या तिसऱ्या वाटेचे फळ होता. मधली काही वर्षे त्याने ना. म. जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत काम केले. कायदेमंडळ, संघटना, मागण्यांची निवेदने, वाटाघाटी हे सगळे त्याने जवळून पाहिले आणि आजारपणाचा मोठा तडाखाही सोसला. मुंबई-दिल्लीचे राजकारण पाहिलेला माणूस हिप्परग्यासारख्या गावी मास्तर म्हणून येतो, ही पायरी उतरणे होते की निवड होती, याचा विचार चरित्रकारांनी फारसा केलेला नाही. हे पुस्तक ती निवड मानते आणि मला ते पटते. कामगार संघटनेत माणसे मागण्यांसाठी एकत्र येतात. मागणी करायलाच बंदी असलेल्या राज्यात आधी माणसे तयार करावी लागतात, आणि ती तयार करायची जागा शाळा होती.

शाळेत असतानाच त्यांनी संन्यास घेतला आणि खेडगीकर गुरुजींचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. इथे वाचकाने क्षणभर थबकावे. संन्यास म्हणजे संसाराचा त्याग. पण या संन्याशाने शाळेचा संसार सोडला नाही. हजेरी, वेळापत्रक, शिक्षकांचे पगार, पालकांच्या तक्रारी, वर्गणीदारांची मनधरणी यांत तो राहिलाच. रामदासी मठांची परंपरा असलेल्या मुलखात कफनीला मान होता, त्यामुळे गावकऱ्यांना आपली मुले या माणसाच्या हवाली करताना धीर आला असावा. स्वतःचे घर नाही, जमीन नाही, भाचे-पुतणे नोकरीला लावायचे नाहीत, अशा हेडमास्तराच्या शब्दाला वेगळे वजन येते. आजच्या शिक्षणसंस्थांच्या कारभाराकडे पाहणाऱ्याला ते वजन कशाचे होते हे समजावून सांगावे लागणार नाही.

१९३५ साली ते अंबाजोगाईला आले. निजामी दप्तरात या गावाचे नाव मोमिनाबाद होते. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या गावातले योगेश्वरी नूतन विद्यालय त्यांनी आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. खेड्यातल्या राष्ट्रीय शाळेपेक्षा हे काम अवघड होते. शहरवजा गावातल्या पालकांना मुलाच्या पुढच्या शिक्षणाची आणि नोकरीची चिंता असते, आणि सरकारी नजरही जवळ असते. तत्त्व सांभाळायचे आणि शाळाही चालू ठेवायची, ही कसरत प्रत्येक चांगल्या हेडमास्तराला करावी लागते. अंबाजोगाईची तीन वर्षे या दृष्टीने हिप्परग्यापेक्षा अधिक शिकवणारी आहेत असे मला वाटते.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनाला आवाज मिळाला. १९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडली. हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्मायच्या आतच सरकारने तिच्यावर बंदी घातली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि ते तुरुंगात गेले. त्याच सुमारास औरंगाबाद आणि हैदराबादच्या कॉलेजांत, वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. पुढे ते स्वामीजींचे निकटचे अनुयायी झाले. ऑगस्ट १९४७ मध्ये पुन्हा अटक, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची शरणागती, हा पुढचा इतिहास अनंत भालेराव आणि इतरांनी सविस्तर लिहिला आहे. त्याची पुनरुक्ती या पुस्तकात नाही.

पुस्तकाला विचारायचा आहे तो प्रश्न असा : या लढ्यात शाळेचे किती होते? शिक्षक आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने चळवळीत उतरले हे सर्वज्ञात आहे. त्यापलीकडे काही सवयी शाळेतून लढ्यात गेल्या असे लेखक सुचवतात. ठरल्या वेळी ठरल्या जागी असणे, नोंद ठेवणे, जबाबदाऱ्या वाटून देणे, एक पकडला गेला तर दुसऱ्याने जागा घेणे आणि सूड न घेणे. शेवटची सवय सगळ्यांत कठीण होती. रझाकारांच्या अत्याचारांनंतर आणि पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात जे घडले त्यात सगळ्यांनीच ती पाळली असे म्हणता येत नाही. हा अप्रिय भागही पुस्तकाने टाळलेला नाही. ज्या शिक्षकाचे विद्यार्थी त्याच्या शिकवणीपासून ढळतात, त्याचा वारसाही तपासायला हवा.

वारसा म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे एक ठरीव साहित्यप्रकार आहे. शाळेचा अमृतमहोत्सव आला की स्मरणिका निघते. तीत जाहिराती असतात, शुभसंदेश असतात आणि माजी विद्यार्थ्यांचे लेख असतात. प्रत्येक लेखात हेडमास्तर आत शिरताच वर्ग चिडीचूप होतो, छडी लागते आणि मग फी भरायला पैसे नसलेल्या मुलाला तेच हेडमास्तर गुपचूप मदत करतात. या आठवणी खोट्या नसतात. पण त्या लिहिणारी मुले शिकून पुढे गेलेली असतात. जी चौथीत गळाली, ज्यांना दाखलाच मिळाला नाही, ज्या मुली सातवीनंतर घरी बसल्या, त्यांचा लेख स्मरणिकेत नसतो. लाडक्या हेडमास्तराचे चरित्र लिहिताना हे भान ठेवले नाही तर आरती होते.

स्वामीजींच्या बाबतीतही हे भान हवे. मराठी मुलखातल्या राष्ट्रीय शाळांत पोचणारी मुले प्रामुख्याने वरच्या जातींच्या आणि खाऊन-पिऊन बऱ्या घरांतली होती. मुलींचे प्रमाण नगण्य होते. मराठवाड्यातल्या दलित मुलासाठी उच्च शिक्षणाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेल्या कॉलेजामुळे. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. त्याच वर्षी नांदेडला स्वामीजींच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. पुढे नरहर कुरुंदकर तिथे प्राचार्य झाले. त्याआधी ते नांदेडच्याच प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर होते. मराठवाड्याचे आधुनिक शिक्षण या दोन प्रवाहांनी घडवले आहे आणि त्यांच्यातला संवाद व तणाव दोन्ही समजून घेतल्याशिवाय या प्रदेशाचा विचार पुरा होत नाही. स्वामीजींचे मोठेपण सांगताना पुस्तक ही बाजू झाकत नाही, म्हणून ते विश्वासार्ह झाले आहे.

आज हे वाचायचे कशासाठी? कारण हेडमास्तर हे पद आपल्या डोळ्यांदेखत आक्रसत चालले आहे. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनी मुख्याध्यापकाला संस्थाचालकाच्या लहरीपासून संरक्षण दिले. ते आवश्यकच होते. त्याबरोबर हे पद सेवाज्येष्ठतेच्या यादीतले शेवटचे नाव बनले. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेला माणूस खुर्चीत बसतो आणि शाळेची ओळख पटेपर्यंत निरोप समारंभ येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीत दीडशेहून अधिक आणि सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तरच पूर्णवेळ मुख्याध्यापक मिळतो. वाडीवस्तीवरच्या शाळांचा कारभार मग एखादा शिक्षक वर्ग सांभाळून पाहतो. उरलेला वेळ संचमान्यता, यू-डायस, सरल, शालार्थ, पोषण आहाराच्या नोंदी आणि आधार जुळणीत जातो. वर्गाच्या मागच्या बाकावर बसून तास पाहायचा आणि लॉगबुकात चार ओळी लिहायच्या, हे मुख्याध्यापकाचे मूळ काम सवडीने करायचे काम झाले आहे.

स्वामीजींच्या काळी कागद कमी होते आणि धोका जास्त होता. आता उलट आहे. त्या काळाचे अनुकरण करा असे कोणी म्हणत नाही. संन्यासी हेडमास्तर ही काही धोरण म्हणून राबवण्याची गोष्ट नव्हे, आणि शिक्षकाच्या त्यागावर शाळा चालवणे ही समाजाने आपली जबाबदारी टाळण्याची जुनी युक्ती आहे. शिक्षणसेवकाच्या तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या तरुणांना त्याग शिकवायला जाऊ नये. या चरित्रातून घ्यायचे ते एवढेच की मुख्याध्यापकाला शाळेबद्दल स्वतःचे मत असावे लागते आणि ते अमलात आणण्याइतकी मोकळीक त्याला मिळावी लागते. दोन्हीपैकी एक नसेल तर शाळा चालते, पण घडवत नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. स्वामीजींनी हिप्परगा सोडले, अंबाजोगाई सोडली. योगेश्वरी शिक्षण संस्था आजही उभी आहे. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आणि १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. नावे देणे सोपे असते. त्यांच्या मागे शाळा चालू राहिली हे अवघड होते, कारण लाडका हेडमास्तर गेल्यावर शाळा पोरकी होते हाच आपला नेहमीचा अनुभव आहे. आपल्यावाचून अडणार नाही अशी शाळा उभी करणे हीच हेडमास्तरकीची खरी कसोटी, आणि स्वामीजी तिला उतरले असे माझे मत आहे.

मुक्तिसंग्रामाच्या अभ्यासकांना या पुस्तकात काही नवे प्रश्न मिळतील, शिक्षकांना काही अस्वस्थ करणारी पाने मिळतील. सामान्य वाचकाने ते एका माणसाची गोष्ट म्हणून वाचले तरी चालेल. मात्र वाचून झाल्यावर एक काम करावे ही विनंती आहे. तुमच्या गावच्या शाळेत जुनी जनरल रजिस्टरे, लॉगबुके, हस्तलिखित वार्षिके अजून कपाटात असतील. ती वाळवीने खाण्याआधी किंवा रद्दीत जाण्याआधी बाहेर काढा, त्यांतली नावे वाचा आणि कोण शाळेत आले, कोण गळाले हे लिहून ठेवा. मराठी शाळेचा इतिहास अजून लिहिला जायचा आहे, आणि त्याची साधने त्या कपाटांत आहेत.